खेळातून संस्कार होतात का? एका खो-खो प्रशिक्षिकेचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. कुटुंब पुण्यातल्या धानोरीचं. मुलगी नववीत, शाळेच्या संघातून खो-खो खेळते. आता एका क्लबने तिला रोजच्या सरावाला बोलावलं आहे आणि जिल्ह्याच्या निवड चाचणीची तयारी करून घेऊ म्हणतात. आजोबा सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं, उद्या देशासाठी खेळेल, पाठवा. आई म्हणते, पुढच्या वर्षी दहावी आहे. आणि वडील, म्हणजे प्रश्न विचारणारे तुम्ही, वेगळ्याच शंकेत आहात: "देश, संस्कार, संघभावना हे शब्द प्रत्येक क्लबच्या फ्लेक्सवर असतात. खेळातून हे खरंच येतं का? आणि चौदा वर्षांच्या मुलीला देशप्रेम शिकवायचं म्हणजे आम्ही घरी नेमकं काय करायचं?"

तीस वर्षं झाली, मी पुण्यात मुलींना खो-खो शिकवते. त्याआधी बारा वर्षं स्वतः खेळले. तुमच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर कदाचित तुम्हाला आवडणार नाही, पण ते आधी सांगते. खेळ आपोआप काहीच देत नाही. अप्रतिम पळती करणाऱ्या, म्हणजे पाठलाग करणारीला चुकवत पळणाऱ्या, खांबाला हात लावून वाऱ्यासारख्या वळणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत आणि त्यातल्या काही मैदानाबाहेर कुणाच्याच उपयोगी पडल्या नाहीत. मैदानावर चांगलं वागायची संधी रोज मिळते, तशी वाईट वागायचीही मिळते. दोन्हीतली कुठली घ्यायची हे मुलगी बहुतेक वेळा घरून ठरवून आलेली असते. आमच्याकडे ते पक्कं होतं, नाहीतर सुटतं.

एक प्रसंग सांगते. पंधरा-सोळा वर्षं झाली त्याला. स्पर्धेचा अंतिम सामना होता आणि त्यातूनच जिल्ह्याचा संघ निवडला जाणार होता. आमच्याकडे एका गुणाची आघाडी, शेवटची पळती चालू आणि चाळीसेक सेकंद उरलेले. आमची एकच मुलगी आत होती. ती खांबाजवळ वळली, समोरची मुलगी तिच्या मागे आली, आणि तिची बोटं आमच्या मुलीच्या पाठीला लागली. पंच पलीकडच्या बाजूला होते. ज्या मुलीची बोटं लागली तिलाही ते कळलं नाही, तिने पुढच्या चौकोनातल्या मुलीला खो देऊनसुद्धा टाकला. मैदानावर फक्त एकीला माहीत होतं. तिने हात वर केला, पंचांकडे गेली आणि म्हणाली, "मी बाद आहे."

बरोबरी झाली. पुढची तुकडी आत आली आणि शेवटच्या दहा सेकंदांत आणखी एक मुलगी बाद झाली. एका गुणाने हरलो. जिल्ह्याच्या संघात आमची आणखी एक मुलगी जाऊ शकली असती, ती राहिली.

त्या मुलीचे वडील स्कूटर लावतात तिथे मला गाठून म्हणाले, "मॅडम, पंचांनी दिलं नव्हतं ना? मग हिला काय पडलं होतं? हेच शिकवता का तुम्ही?" खरं सांगते, मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. कारण मी तिला हे शिकवलंच नव्हतं. मी पळती शिकवली होती, साखळी, म्हणजे बसलेल्या मुलींमधून नागमोडी पळणं, शिकवली होती, हूल द्यायला शिकवलं होतं. पंचांना न दिसलेलं स्वतः सांगायला मी कधी शिकवलं नव्हतं.

दोन दिवसांनी मी तिला विचारलं, का गं सांगितलंस? ती म्हणाली, "आजी म्हणते, काटा बरोबर झाला की वर एक मूठ टाकायची. गिऱ्हाईक बघत नसलं तरी." तिची आजी मंडईत पालेभाजी विकायची. शाळा सुटल्यावर ही मुलगी तिच्याशेजारी पोत्यावर बसून अभ्यास करायची. आजी मेथीची जुडी कशी बांधते, पिवळी पानं कशी काढते, उधारीवाल्याला कसं बोलते, हे सगळं ती रोज बघत होती. घर एकच, पण बाप एक सांगत होता आणि आजीचा हात दुसरं. मुलीने हाताचं ऐकलं.

या गोष्टीचा शेवट गोड नाही. दिवाळीनंतर वडिलांनी तिचा क्लब बदलला. तेव्हा मला फार वाईट वाटलं, आजही वाटतं. पण हरल्यानंतरच्या सोमवारी ती उशिरा आली तेव्हा मुलींनी चौकोनातली तिची नेहमीची तिसरी जागा मोकळी ठेवलेली मी पाहिली. कुणी काही बोललं नाही. ती आली आणि बसली. संघभावना म्हणजे काय असं मला कुणी विचारलं की तोच रिकामा चौकोन डोळ्यांसमोर येतो.

आता देशाबद्दल. तुमच्या शंकेमागे एक राग आहे, तो मला ओळखीचा वाटतो. शब्द मोठे आणि वागणं लहान, असं दिसलं की असा राग येतो. एक वडील माझ्याकडे मुलीचा जन्मदाखला घेऊन आले होते. मुलगी पंधराची होती, दाखल्यावर तेराची केली होती. चौदा वर्षांखालील गटात खेळवा म्हणाले, सगळेच करतात. त्यांच्या गाडीच्या काचेवर तिरंगा होता. मी इतकंच म्हटलं, की हिला आत घेतलं तर एक खरी तेरा वर्षांची मुलगी बाहेर बसेल, तिच्या घरी तुम्ही येऊन सांगाल का? ते गेले. दाखला त्यांनी दुसरीकडे चालवला की नाही, मी चौकशी केली नाही. देशप्रेमाची परीक्षा बहुतेक वेळा अशी कागदाच्या एका ओळीत होते, आणि तिथे मुलं आईबापांकडे बघत असतात.

पण म्हणून देश हा शब्दच पोकळ आहे असं मानू नका. या शहरात तर मुळीच नाही. पुण्यात मैदान आणि देश यांचं नातं फ्लेक्सच्या खूप आधीचं आहे. लोकमान्य टिळक मंडालेहून सुटून पुण्यात परतले ते १९१४ साली, आणि त्याच साली इथल्या डेक्कन जिमखाना या क्रीडासंस्थेत खो-खोचे नियम पहिल्यांदा लिहिले गेले. गावोगावी वेगवेगळ्या रीतीने चालणाऱ्या खेळाला मापं मिळाली. पुढे १९१९ साली त्याच जिमखान्यावरच्या शर्यती उद्योगपती सर दोराबजी टाटांनी पाहिल्या. पळणारे बरेचसे शेतकऱ्यांचे पोरगे होते, अनवाणी पळत होते. यांना ऑलिंपिकला पाठवायचं, असं दोराबजींनी मनावर घेतलं आणि १९२० साली अँटवर्पला आपला संघ गेला. त्यात फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. देश तेव्हा स्वतंत्र नव्हता. तरी ही माणसं पळत होती आणि कुणीतरी त्यांच्या खर्चासाठी खिशात हात घालत होतं.

मुलींना मी खाशाबा जाधवांचीही गोष्ट सांगते, पण शाळेच्या पुस्तकात असते तशी नाही. १९५२ ला हेलसिंकीत त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, हे सगळ्यांना पाठ असतं. मी दोन गोष्टींवर थांबते. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर ७००० रुपयांना गहाण ठेवलं. आणि पदक घेऊन आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवून पैसे उभे केले आणि ते घर सोडवलं. शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती त्यांची. ती ओसरल्यावर ते कर्ज फेडायला पुन्हा लाल मातीत उतरले. पदकाच्या आधी ज्याने आपल्यासाठी घर पणाला लावलं, त्याचं घर पदकानंतर आठवणं, हे मुलींना लगेच कळतं. देश म्हणजे काय हे समजावताना मला याहून सोपं उदाहरण सापडलेलं नाही, कारण मुलीच्या मागेही असं कुणीतरी असतंच. कुणाच्या वडिलांनी जादा पाळी केलेली असते, कुणाची आई पहाटे साडेचारला डबा करते.

दुसरा प्रसंग अलीकडचा, १९ जानेवारी २०२५ चा. दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाचे अंतिम सामने होते. महिलांचा आणि पुरुषांचा, दोन्ही नेपाळविरुद्ध. दोन्ही भारतीय संघांचे कर्णधार आपल्याकडचे, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. रविवार होता. आम्ही क्लबच्या खोलीत टीव्ही लावला होता, पंचवीस-तीस मुली, काही पालक, चिवडा, आरडाओरडा. मी स्वतः खेळायचे तेव्हा खो-खोला जागतिक स्पर्धा असेल असं कुणी म्हटलं असतं तर आम्ही हसलो असतो. त्यामुळे माझे डोळे सामना सुरू व्हायच्या आधीच भरून आले होते आणि ते लपवायची मला गरज वाटली नाही.

आमच्या क्लबात एक मुलगी आहे. तिचे वडील जवळच्या सोसायटीत रखवालदार आहेत, मूळचे नेपाळचे. ही पुण्यात जन्मली, मराठी शाळेत शिकते, आणि पळतीत तिला पकडणं माझ्या मोठ्या मुलींनाही जड जातं. महिलांचा सामना रंगात आला असताना मागून एकीने ओरडून म्हटलं, "बहादूर लोकांना पळवा!" दोन-चार जणी हसल्या. ती मुलगी पुढच्या रांगेत बसली होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. फक्त हातातली चिवड्याची वाटी खाली ठेवली.

मी आवाज बंद केला. म्हटलं, समोर ज्या मुली खेळताहेत त्यांनी आपला खेळ आपलासा केला म्हणून आज अंतिम सामना आहे. त्या नसत्या तर आपण कुणाविरुद्ध जिंकणार होतो? आणि इथे बसलेली आपली मुलगी कुठल्या चौकोनात बसते, कुणाला पाठीवर हात मारून खो देते, ते आठवा. इतकंच बोलले आणि आवाज पुन्हा सुरू केला. आमची कर्णधार उठून तिच्या शेजारी जाऊन बसली. थोड्या वेळाने कुणीतरी तिला विचारलं, तू कुणाच्या बाजूची? ती म्हणाली, "दोन्ही." आणि त्यावर कुणी वाद घातला नाही.

महिला ७८-४० ने जिंकल्या, पुरुष ५४-३६ ने. राष्ट्रगीत लागलं तेव्हा सगळ्या ताठ उभ्या राहिल्या, तीही. मग नेपाळच्या मुली रौप्यपदक घ्यायला आल्या तेव्हा आमच्या खोलीत टाळ्या वाजल्या, मी न सांगता.

दुसऱ्या दिवशी ओरडलेल्या मुलीची आई मला भेटायला आली. मला वाटलं तक्रार असेल. ती म्हणाली, "मॅडम, तिचं चुकलं, पण शब्द आमच्या घरातला आहे. आम्ही सगळे आमच्या रखवालदाराला तसंच हाक मारतो. चार वर्षं झाली, काल पहिल्यांदा त्याचं नाव विचारलं." त्या बाईंबद्दल मला फार आदर वाटतो. मुलीला रागावून मोकळं होणं सोपं होतं. त्यांनी आधी स्वतःच्या घरात पाहिलं.

म्हणून तुम्ही विचारलंत, घरी काय करायचं, तर मी म्हणेन आधी मुलगी घरात काय ऐकते ते बघा. पंचांबद्दल, सिग्नलला थांबणाऱ्या पोलिसाबद्दल, दुसऱ्या जातीच्या मुलीच्या डब्याबद्दल, आपल्याला हरवणाऱ्या संघाबद्दल जेवताना काय बोललं जातं ते ती सगळं मैदानावर घेऊन येते. आमच्या चौकोनांत आठ मुली एकआड एक तोंडं करून बसतात. लोहियानगरच्या वस्तीतली मुलगी आणि प्रभात रोडच्या बंगल्यातली मुलगी एकमेकींना पाठ करून बसतात आणि पाठीवर पडलेला हात कुणाचा हे न बघता उठून पळतात. बघत बसलं तर खेळच होत नाही. पण मैदानावर जे सहज होतं ते प्रवासात, मुक्कामाच्या शाळेत सतरंज्या टाकताना, कधी कधी अडतं. तिथे घर दिसतं.

आजोबांबद्दल मला थोडं वेगळं सांगायचं आहे. ते तुमच्या घरातला मोठा ठेवा आहेत. त्यांना मैदानावर घेऊन या. सैन्यातल्या माणसाला वेळेवर येणं, सामान मोजून ठेवणं, जखमी साथीदाराला आधी उचलणं हे समजावून सांगावं लागत नाही. मुरलीकांत पेटकर त्यांना ठाऊक असतीलच. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झालेले जवान, ज्यांनी १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात सुवर्ण आणलं. अशा गोष्टी नातीने आजोबांच्या तोंडून ऐकाव्यात. फक्त एक विनंती. जिल्ह्याच्या चाचणीला जाणाऱ्या मुलीला "देशाचं नाव राख" असं म्हणू नका. चौदा वर्षांच्या खांद्यावर ते ओझं फार होतं. एका हरलेल्या मुलीला मी कपडे बदलायच्या खोलीत "आता बाबांना तोंड कसं दाखवू" म्हणत रडताना पाहिलं आहे. तिने नंतर खेळणंच सोडलं. पहिली काही वर्षं मुलीने शेजारच्या सहा-सात जणींसाठी खेळावं, तेवढं पुरे. पुढे छातीवर देशाचं नाव आलं तर त्या सहा-सात जणींचीच संख्या वाढलेली असते.

क्लब कसा ओळखायचा? फ्लेक्स वाचू नका. एखाद्या संध्याकाळी न सांगता जा आणि सराव संपल्यावर अर्धा तास थांबा. मैदानावर पाणी कोण मारतं, फक्कीच्या रेषा कोण आखतं, मॅट असेल तर ती गुंडाळायला फक्त नवख्या मुली असतात की कर्णधारही असते, ते बघा. बाद झालेल्या मुलीशी प्रशिक्षक कोणत्या आवाजात बोलतात ते ऐका. बाहेरगावी जाताना सोबत बाई असते का, खर्चाचा हिशोब पालकांना दाखवतात का, दुखापत झाली तर कुणाला फोन करतात, हे सरळ विचारा. चांगला क्लब रागावत नाही. आमच्याकडे सव्वीस जानेवारी आणि पंधरा ऑगस्टला झेंडावंदन होतं, पण मुलींना मी दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावते. रस्त्यावर पडलेले कागदी झेंडे गोळा करायला. पहिल्या वर्षी चार जणी आल्या होत्या. आता लहान भाऊही सोबत येतात.

दहावीचं फार अवघड करू नका. संध्याकाळचे दोन तास मैदानावर गेले तर अभ्यास बुडत नाही, त्यानंतरचे तीन तास मोबाइलवर गेले तर बुडतो. परीक्षेच्या आधीचे दोन महिने सराव आठवड्यातून तीन दिवसांवर आणा आणि हे प्रशिक्षकांना आत्ताच सांगून ठेवा. ठरावीक पातळीवर खेळलेल्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत वाढीव गुण मिळतात, महाराष्ट्र सरकारच्या नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. शाळेकडून आणि जिल्हा क्रीडा कार्यालयाकडून प्रमाणपत्रं वेळच्या वेळी घ्या, एका फाईलमध्ये ठेवा. तेवढ्यासाठी मात्र मुलीला खेळायला लावू नका, आणि आईच्या काळजीला "तुला देशाचं काही नाही" असं उत्तर घरात कुणी देऊ नका. दहावीची काळजी करणारी आईच पहाटे उठून डबा करणार आहे.

पहिल्या आठवड्यात पाय दुखतील, चवड्यावर बसून बसून पोटऱ्या भरून येतील, ती नको म्हणेल. आठ दिवस तसेच जाऊ द्या. बूट खूप महागाचे घेऊ नका, मापाचे घ्या. आणि डब्यात दोन पोळ्या जास्त द्या, येताना बसमध्ये कुणाचा तरी डबा रिकामा असतोच.